स्टेनलेस रिव्हॉल्व्हरची झिलई

बंदुकीच्या नळ्या आतून फार लवकर झिजतात, या तक्रारीची तड लावण्याच्या कामी शेफील्डचा धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली गुंतला असता, १९१३ साली त्याच्या हाती जे सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद लागले, ते नळ्यांना न लाभता प्रथम सुऱ्यांच्या धंद्यास लाभले. शस्त्रापायी शोधलेला हा धातू खिशातल्या शस्त्रापर्यंत पोहोचण्यास पुढे अर्धे शतक जावे लागले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील स्मिथ अँड वेसन कारखान्याने १९६५ साली ‘मॉडेल ६०’ हे .३८ स्पेशल जातीचे, पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर संपूर्ण स्टेनलेस पोलादात बाजारात आणले.

तोवरची रिव्हॉल्व्हरे बहुधा निळसर काळ्या रासायनिक रंगाची किंवा निकेलच्या मुलाम्याची असत. अंगाशी वागवताना घामाने तो रंग गेला, अगर मुलाम्याचा पोपडा निघाला, की मालकास कारागिराची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नसे. स्टेनलेसची गोष्ट निराळी. येथे आतबाहेर धातू एकच असल्यामुळे ओरखडा घासून काढला तरी खालून तेच पोलाद वर येते, आणि हवेच्या स्पर्शाने क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा त्यावर आपोआप पुन्हा धरतो. आपल्याकडे शिकलगार जे काम पिढीजात कसबाने करीत, ते अमेरिकेतला हौशी मालक घरच्या मेजावर बसून करू धजतो, त्याचे मर्म या पापुद्र्यात आहे.

शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून मगच दस्त्याच्या लाकडी फळ्या उतरवाव्यात. उजव्या अंगाचे झाकण काढताना नवख्याची खरी परीक्षा होते. स्क्रू काढल्यावर फटीत पेचकस घालून ते उचकटण्याचा मोह अनावर होतो आणि कड कायमची दुखावते. जाणता मनुष्य पेचकसाच्या लाकडी मुठीने दस्त्याच्या सांगाड्यावर हलके ठोके देत राहतो, तेव्हा त्या कंपानेच झाकण आपल्या जागेवरून सुटून वर येते. आतील यंत्रणा काढून घेतल्यावर हेच झाकण पुन्हा बसवून, सांगाड्यासह एकजीव घासायचे असते; सुटे घासल्यास त्याच्या कडा गोलावतात आणि एरवी नजरेस न येणारा सांधा ठळक दिसू लागतो.

पुढचे काम चिकाटीचे. ४०० नंबरचा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, पाण्यात भिजवून एका दिशेने चालवावा. ६०० नंबरचा त्यास आडवा चालवावा आणि आधीच्या रेघांचा मागमूस नाहीसा झाल्यावाचून ८००, १०००, २००० या पुढच्या पायऱ्यांना हात घालू नये. अखेरीस फ्लिट्झसारखे धातूचे पॉलिश मऊ कापडावर घेऊन चोळले, की आरशाची चकाकी येते. विजेच्या बफिंग चाकाने हेच काम झटपट उरकते खरे; परंतु ते चाक अक्षरे पुसट करते, स्क्रूंच्या भोकांशी खळगे पाडते, आणि असे रिव्हॉल्व्हर विरघळत्या साबणाच्या वडीसारखे दिसू लागते. साध्या स्टील वूलचा हातही लावू नये. त्याचे कण पोलादात रुततात आणि स्टेनलेसवर गंजाचे तांबडे ठिपके उमटतात.

कुठे घासू नये, हे कळणे मला या कसबात अधिक मोलाचे वाटते. नळीचे तोंड, काडतुसांची घरे, चक्र अडवणाऱ्या खाचा, आणि चाप व घोडा यांच्या आतील अडणी यांना पॉलिशचा स्पर्श होता कामा नये. अनुक्रमांकाबाबत तर तेथील संघराज्याचा कायदाच आडवा येतो. तो पुसणे वा बदलणे हा फौजदारी गुन्हा आहे. चक्राच्या पुढच्या तोंडावरील काळी वलये काढण्यासाठी काही मालक जिवाचा आटापिटा करतात. पुढच्या नेमबाजीत ती पुन्हा हजर होतात. ती तशीच राहू द्यावीत.

आरशासारखे शस्त्र बोटाचा प्रत्येक ठसा आणि नवा ओरखडा मिरवते. त्यापेक्षा राखाडी स्कॉच-ब्राइट एकाच दिशेने फिरवून साधलेली मंद सॅटिन झिलई मला अधिक शोभिवंत वाटते. ओरखडा उमटलाच, तर त्याच दिशेने चार हात फिरवले की भागते. सर्व काही धुऊन, तेलाचे बोट लावून जोडल्यावर, रिकाम्या शस्त्राचा घोडा सावकाश ओढून प्रत्येक घर नळीसमोर येऊन पक्के अडते की नाही, हे पाहावे; एक जरी घर ढिले राहिले, तरी ते रिव्हॉल्व्हर थेट जाणत्या कारागिराकडे धाडावे.