काळ थांबलाच नव्हता : पॉम्पेई आणि इटलीतील डोंगरी गावांविषयीचे गैरसमज

रोम किंवा फ्लॉरेन्सला मुक्काम, सकाळी बसने प्रस्थान, दिवसभर पॉम्पेईचे अवशेष नाहीतर टस्कनी-उंब्रियातले एखादे तटबंदीचे गाव आणि रात्रीच्या जेवणाला परत हॉटेलवर. युरोपला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात असा एक दिवस हमखास असतो. त्या दिवशी कानावर पडलेली माहिती पुढे बसमध्ये, रांगेत आणि घरी परतल्यावर नातेवाइकांच्या गप्पांत फिरत राहते. तिच्यातली बरीच अर्धवट असते, काही सरळ चुकीची. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे : या जागी काळ थांबला. समजूत आकर्षक आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही.

गैरसमज : पॉम्पेई लाव्हारसाखाली गाडले गेले.

ज्वालामुखी म्हटला की लालभडक रस वाहत येणार, हे चित्रपटांनी मनावर ठसवले आहे. त्यात पॉम्पेईचे रस्ते लाव्हाच्याच काळ्या दगडांनी फरसबंद केलेले आहेत, त्यामुळे संशयाला जागाच उरत नाही. प्रत्यक्षात तो दगड कितीतरी जुन्या उद्रेकांतला. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसमधून उडालेले सच्छिद्र, हलके दगड आणि राख शहरावर सुमारे 18 तास पडत राहिली. त्या भाराने छपरे कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राखेचे लोट डोंगरावरून वेगाने खाली आले आणि उरलेल्यांचा जीव त्यांनी घेतला. लाव्हारस शहरात शिरला असता तर भिंतींवरची चित्रे वाचली नसती आणि एका भट्टीत कोळसा होऊन राहिलेले 81 पावही सापडले नसते. एवढे सगळे टिकले ते राखेमुळे.

गैरसमज : शहरातील सर्व लोक जागच्या जागी मरण पावले.

राखेत सापडलेल्या देहाकृती इतक्या परिणामकारक आहेत की त्याच सगळ्या शहराची कहाणी वाटू लागतात. आकडे वेगळे सांगतात. पॉम्पेईची लोकसंख्या किमान 10 हजारांच्या घरात असावी, असे अंदाज आहेत. आजवर सापडलेल्या मृतांची संख्या हजार-बाराशेच्या आसपास आहे. शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून जमिनीखाली आहे आणि काही जण पळताना वेशीबाहेर मेले असतील, हे धरले तरी बरेच लोक निसटले असणार. दगडांचा वर्षाव सुरू झाल्यापासून जीवघेणे लोट येईपर्यंत बराच वेळ हाताशी होता. पॉम्पेईतल्या काही घराण्यांची नावे पुढच्या काळात नेपल्स आणि पुतेओलीच्या परिसरातल्या शिलालेखांत आढळतात. काही लोक तर उद्ध्वस्त शहरात परत येऊन राहिले, हेही अलीकडच्या उत्खननातून स्पष्ट होत आहे.

गैरसमज : काचेच्या पेटीतली माणसे म्हणजे दगड झालेली प्रेते.

चेहऱ्यावरचे भाव, कपड्यांच्या चुण्या, आवळलेल्या मुठी हे सगळे दिसते, म्हणून शरीरच दगड झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. दिसते ते प्लास्टर आहे. मृतदेहांभोवतीची राख घट्ट झाली, शरीर कुजून गेले आणि आत त्याच आकाराची पोकळी उरली. 1863 मध्ये उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतून साचे काढण्याची पद्धत रूढ केली. हाडे अनेकदा त्या प्लास्टरमध्येच राहिली. आकृतीकडे पाहून रचलेल्या कहाण्याही तपासूनच घ्याव्या लागतात. हातात सोन्याचे कडे असलेली एक व्यक्ती आणि तिच्या कडेवरचे मूल यांना दीर्घ काळ आई आणि लेकरू म्हटले गेले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ती प्रौढ व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचे रक्ताचे नाते आढळले नाही. मृत्यूचे दुःख त्यामुळे कमी होत नाही. आपण लावलेले नाते मात्र गळून पडते.

गैरसमज : पॉम्पेईत 79 सालचा तो क्षण जसाच्या तसा पाहायला मिळतो.

थांबलेल्या काळाची समजूत इथे सर्वांत घट्ट आहे आणि इथेच ती सर्वांत चुकीची आहे. इ. स. 62 च्या सुमारास मोठ्या भूकंपाने शहर मोडले होते. उद्रेकाच्या वेळीही अनेक इमारतींची दुरुस्ती सुरूच होती. उद्रेकानंतर लोकांनी भुयारे खणून मौल्यवान वस्तू आणि बांधकामाचा माल बाहेर काढला. 1748 मध्ये उत्खनन सुरू झाल्यावर उत्तम चित्रे भिंतींवरून कापून नेली गेली. 1943 मध्ये दोस्त राष्ट्रांचे बाँब इथे पडले. आज दिसणारी बहुतेक छपरे आधुनिक आहेत. ‘हाउस ऑफ द फॉन’मध्ये पायाखाली दिसणारे अलेक्झांडरच्या लढाईचे मोझेक ही प्रतिकृती आहे, मूळ मोझेक नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

मराठी पर्यटकाला जवळची वाटावी अशी एक वस्तूही त्याच संग्रहालयात आहे. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली, जेमतेम वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ती ओळखली जाते, पण ती यक्षी असण्याची शक्यता अधिक. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर या सातवाहनकालीन व्यापारी केंद्रांत तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मिळाल्या आहेत. त्यामुळे ती दख्खनमधून गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. फक्त पॉम्पेईची सहल करून परतणाऱ्याला ती दिसतच नाही.

गैरसमज : डोंगरमाथ्यावरची गावे मध्ययुगात वसली.

डोळ्यांना दिसतात ती घरे, चर्च आणि वेशी मुख्यतः बाराव्या ते चौदाव्या शतकातल्या, म्हणून गावही त्याच काळातले असे गृहीत धरले जाते. ओर्व्हिएतो, व्होल्तेर्रा, कोर्तोना या गावांची मुळे त्याहून दीड-दोन हजार वर्षे मागे, रोमपूर्व एट्रुस्कन काळात जातात. ओर्व्हिएतोच्या कड्यावरचे एट्रुस्कन शहर रोमनांनी इ. स. पू. 264 मध्ये उद्ध्वस्त केले आणि लोकांना बोल्सेना सरोवराकाठी हलवले; पुढे याच कड्यावर पुन्हा वस्ती झाली. व्होल्तेर्रात एट्रुस्कन वेस आजही वापरात आहे आणि रोमन नाट्यगृहाचे अवशेषही आहेत. उंचावर राहण्यामागे संरक्षण हे एक कारण होते, पण एकमेव नव्हे. कोर्तोनाच्या पायथ्याचे किआना नदीचे खोरे शतकानुशतके दलदलीचे होते. तिथे हिवतापाचा धोका असे. वरच्या माथ्यावर हवा खेळती आणि जमीन कोरडी असे. पाण्याची अडचण मात्र राहायची. 1527 मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवे क्लेमंट ओर्व्हिएतोला आश्रयाला आले. वेढा पडला तर गाव तहानेने शरण जाऊ नये म्हणून त्यांनी 50 मीटरहून खोल विहीर खणवली. उतरणारी आणि चढणारी खेचरे एकमेकांना आडवी येऊ नयेत यासाठी तिला दोन स्वतंत्र चक्राकार जिने आहेत.

गैरसमज : सान जिमिन्यानोचे मनोरे शत्रूपासून रक्षणासाठी बांधले.

किल्ले पाहत वाढलेल्या मराठी डोळ्यांना उंच मनोरा दिसला की टेहळणी आणि तोफा आठवतात. पण बुरूज असतो तटाला. सान जिमिन्यानोचे मनोरे गावाच्या पोटात, एकमेकांना खेटून उभे आहेत. बाहेरच्या शत्रूला तोंड द्यायचे असते तर ते तटावर असते. धनिक घराण्यांनी ते आपल्या नावलौकिकासाठी आणि शेजारच्या प्रतिस्पर्धी घराण्याला शह देण्यासाठी उभारले. भांडण पेटले की आसरा म्हणूनही ते उपयोगी पडत. चढाओढ इतकी वाढली की नगर प्रशासनाच्या मनोऱ्यापेक्षा उंच खाजगी मनोरा बांधू नये, असा नियम 1255 मध्ये करावा लागला. एकेकाळी 72 मनोरे होते असे सांगतात. आज 14 उभे आहेत.

गैरसमज : गावकऱ्यांच्या वारसाप्रेमामुळे ही गावे टिकली.

आजची जपणूक खरी आहे, त्यामुळे ती आधीपासूनच असणार असे वाटते. सान जिमिन्यानोची भरभराट रोमकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर आणि केशराच्या व्यापारावर होती. 1348 च्या प्लेगने गाव खिळखिळे झाले, पाठोपाठ ते फ्लॉरेन्सच्या सत्तेखाली गेले, व्यापारी वाहतूकही खोऱ्यातून होऊ लागली. जुने पाडून नवे बांधायला पैसाच उरला नाही. सिएनाने 1339 मध्ये आपल्या कॅथेड्रलचा प्रचंड विस्तार हाती घेतला होता. प्लेगनंतर तो बारगळला आणि अर्धवट भिंत आजही उभी आहे. या गावांना आधी गरिबीने राखले. जाणीवपूर्वक जपणूक बरीच नंतर आली आणि तिनेही काही वेळा जुनेपणा ‘घडवला’. आरेत्सोत 1920-30 च्या दशकांत इमारतींना मध्ययुगीन रूप देण्यात आले आणि भालाईत स्वारांची स्पर्धा 1931 मध्ये नव्याने सुरू झाली. तिचा उगम मध्ययुगात असला, तरी परंपरा तेव्हापासून अखंड चालत आली आहे असे म्हणता येत नाही.

गैरसमज : आपला टूर मॅनेजर असताना स्थानिक गाइड म्हणजे जादा खर्च.

सहा तास बसमध्ये सगळे सांगणारा माणूस फाटकाशी गप्प होतो आणि भलताच कुणी बोलू लागतो, तेव्हा हा प्रकार पैसे काढण्याचा वाटतो. इटलीत सोबत्याचे काम आणि स्थळदर्शकाचे काम कायद्याने वेगळे आहे. पुरातत्त्वस्थळी गटाला माहिती सांगण्यासाठी परवाना लागतो आणि 2023 च्या कायद्याने त्यासाठी देशपातळीवरील परीक्षेची तरतूद केली आहे. मात्र परवाना म्हणजे प्रत्येक वाक्याची हमी नव्हे. पॉम्पेईच्या फरसबंदीवर कोरलेले लिंगाचे चिन्ह वेश्यागृहाची वाट दाखवते, ही कहाणी अनेक गाइड रंगवून सांगतात. असली चिन्हे बेकरीत, दुकानांवर, घरांच्या दारांवरही आढळतात. रोमन लोकांत ती दृष्ट टाळणारी आणि भाग्य आणणारी मानली जात.

गैरसमज : रोमहून एका दिवसात सगळे पाहून होते.

कार्यक्रमपत्रिकेवर पॉम्पेई, व्हेसुव्हियस आणि वाटेत आणखी काही असे एकाच ओळीत छापलेले असते, म्हणून ते एका दिवसात मावेल असे वाटते. रोम ते पॉम्पेई सुमारे 240 किलोमीटर. जाऊन-येऊन सहा तास बसमध्येच जातात. तटाच्या आतले शहर 66 हेक्टरांचे. हाताशी उरलेल्या दोन-तीन तासांत त्याचा एक कोपरा पाहून होतो. डोंगरी गावांत मोठ्या बसला आत मज्जाव असतो, तेव्हा पायथ्यापासूनचा चढ आणि दगडी उतारही वेळेत धरावे लागतात. पण म्हणून एका दिवसात काहीच कळत नाही, असेही नाही. रोमपासून लोकल गाडीने अर्ध्या तासावर ओस्तिया अन्तिका हे प्राचीन बंदर आहे. नदीच्या गाळाने ते हळूहळू ओस पडले. तिथल्या बहुमजली चाळी, गोदामे, खानावळी निवांत पाहता येतात. ओर्व्हिएतो रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास आहे आणि स्टेशनासमोरूनच माथ्यावर जाणारी केबलगाडी मिळते. एका दिवशी एकच जागा निवडावी आणि प्रत्येक थांब्यावर गाइडला एक प्रश्न विचारावा : यातले मूळचे किती, नंतरचे किती? जाणत्या गाइडला त्याचा राग येत नाही. उत्तर देता येणे, हेच तर त्याचे काम आहे.