पोलीस ठाण्यातले पहिले चोवीस तास

पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात 15 महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी हे सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले आणि त्या पत्रालाच याचिका मानून 1983 मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला. स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, अटकेची खबर जवळच्या कायदा साहाय्य समितीला ताबडतोब द्यावी, अटक झालेल्याच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावे आणि त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावे, असे महाराष्ट्र सरकारला बजावण्यात आले.

पत्रक वाचून दाखवायला सांगण्यामागे मोठी समज होती. फौजदारी प्रकरणाचे बरेचसे भवितव्य साक्षीपुराव्याच्या कितीतरी आधी, ठाण्यातल्या पहिल्या काही तासांत ठरते. आपल्याकडे मात्र वकील आठवतो तो कोर्टाची तारीख लागल्यावर.

तक्रार देणाऱ्यापासून सुरुवात करू. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचे आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. पहिल्या दोन पायऱ्यांना वकील लागत नाही, तिसरीला घ्यावा. शिवीगाळ, किरकोळ झोंबाझोंबी अशा प्रकारांत बहुधा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करून तिची प्रत हाती दिली जाते. पण अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. म्हणून एनसी देऊन घरी बसणाऱ्याची तक्रार तिथेच थांबते.

आता दुसरी बाजू. ‘जरा ठाण्यात येऊन जा’ असा फोन आला, तर कोणत्या प्रकरणात आणि साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून, हे आधी विचारावे. नुसती माहिती विचारायची असेल तर स्त्रिया, 15 वर्षांखालील मुले, साठी ओलांडलेले पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना घराबाहेर बोलावता येत नाही. संशयिताला, अटकेची गरज नसेल तेव्हा, याच संहितेच्या कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस दिली जाते. अर्नेश कुमार प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, कारणे नोंदवायची. कलम 35 ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, हेही 2025 च्या जानेवारीत स्पष्ट झाले. व्हिडिओ कॉलवरची ‘डिजिटल अटक’ तर कोणत्याच कायद्यात नाही. त्या फोनला उत्तर एकच, तो ठेवून 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवणे.

नोटीस हाती पडली की वकील गाठावा, आणि तो त्याच दिवशी. नोटिशीकडे पाठ फिरवली तर अटकेला कारण मिळते. पाळली तर कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. अटकपूर्व जामिनाचा अर्जही अटकेआधीच करायचा असतो. तपासातल्या जबाबावर सही घेता येत नाही, पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही आणि स्वतःला गोवणारे उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) मध्ये आहे. पण भेदरलेला माणूस ‘सहकार्य’ म्हणून नको ते बोलून जातो. चौकशीच्या काळात आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

अटक झालीच तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. अटकेची कारणे समजेल त्या भाषेत लेखी द्यायला हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी सांगितले. रिमांडच्या वेळी शेजारी वकील असेल तर ही कारणे तपासली जातात, मारहाण झाली असेल तर ती नोंदवली जाते. पुढे 60 किंवा गंभीर गुन्ह्यांत 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. तो मागावा लागतो. मागण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले, की तो जातो.

‘छोट्या’ प्रकरणांत फसगत जास्त होते. ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ हा सल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात सहज मिळतो. पण कबुलीनंतरचा दंड ही शिक्षाच असते आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते. ‘चॅप्टर केस’मध्ये शांतता राखण्याचा बॉन्ड मागितला जातो, तो न वाचता सही करू नये. चेक न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, पैसे भरायला 15 दिवस, नंतर महिन्याच्या आत तक्रार, अशी मुदतींची साखळी आहे. नोटीस पाठवणारा असो वा घेणारा, दोघांनीही पहिल्याच आठवड्यात सल्ला घ्यावा.

फी परवडत नाही म्हणून थांबू नये. 1978 च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत वकील हा हक्क मानला. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतला प्रत्येक जण उत्पन्नाची अट न लावता पात्र आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, हेल्पलाइन 15100 आहे.

वकील मागितला म्हणजे मनात पाप आहे, हा समज आपल्या घराघरांत आहे आणि तो निरपराधांनाच सर्वांत महाग पडतो. वकिलाचा सल्ला हा राज्यघटनेने अनुच्छेद 22 मध्ये दिलेला हक्क आहे. तो निर्धास्तपणे मागावा, आणि तोंड उघडण्याआधी मागावा.