लेकराची टाळू का उडते?

परवा अंबडला ताईकडे आजी भाचीची टाळू भरत होती. तेलाखाली ती धडधडताना बघून मी घाबरलोच. आजी म्हणाली, "अरे, सगळ्याच लेकरांची उडते!"

आपल्या कवटीत २२ हाडं, त्यातली ८ मेंदूभोवती. जन्मताना ती जुळलेली नसतात, म्हणून एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोकं बाहेर येतं. टाळूवर हाड नाही, नुसता पडदा अन् कातडी. त्यातून नाडी दिसते. साधारण दीड वर्षात ती फट भरते. तेलाने नाही हं, हाडानेच! आजीला हे सांगायची माझी हिंमत नाही.

पण जालन्याच्या उन्हाळ्यात लेकराला जुलाब लागले आणि टाळू खोल गेली, तर अंगातलं पाणी कमी झालंय, लगेच दवाखाना. रडत नसतानाही फुगून टणक लागली, तरी थांबायचं नाही.