प्रकाश-संदेशवहनातील कालविचलन व गाळणीचे कार्य

काचतंतूतून धाडलेल्या संदेशाची सर्वांत साधी लिपी दोनच चिन्हांची असते: नेमलेल्या कालखंडात प्रकाशाचा स्पंद आला तर ‘एक’, न आला तर ‘शून्य’. सेकंदास १० अब्ज चिन्हे पाठविली असता प्रत्येकीच्या वाट्यास अवघे १०० पिकोसेकंद येतात. स्पंद आपल्या घरातून शेजारच्या घरात सरकला की संदेश बदलतो. या सरकण्यास येथे ‘कालविचलन’ म्हटले आहे.

आकार न बदलता दूरवर जाणारा स्पंद, म्हणजे सॉलिटॉन, काचतंतूत संभवतो असे हासेगावा व टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये दाखविले. परंतु वाटेत प्रकाश क्षीण होतो. म्हणून ठिकठिकाणी वर्धक बसवावे लागतात, आणि प्रत्येक वर्धक थोडा गोंगाटही मिसळतो. त्या गोंगाटाने स्पंदाची वारंवारता किंचित ढळते. काचतंतूत वेग वारंवारतेवर अवलंबून असल्याने ढळलेला स्पंद लवकर वा उशिरा पोहोचतो. गॉर्डन व हाउस यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले की, या विचलनाचे प्रचरण अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट झाले की ते आठपट होते.

यावरील उपाय म्हणजे गाळणी. हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे. चहाची गाळणी चोथा अडविते; येथील गाळणीचे मुख्य कार्य निराळे आहे. ती मध्यवर्ती वारंवारतेस अधिक वाट देते. त्यामुळे ढळलेल्या स्पंदाची बाहेरची बाजू अधिक छाटली जाते व तो पुन्हा मध्याकडे ओढला जातो. वारंवारतेची भटकंती अशी आवरली गेली की प्रचरण अंतराच्या केवळ सम प्रमाणात वाढते. आठपटीच्या जागी दुप्पट.

तथापि गाळणीतील घट भरून काढण्यास जादा वर्धन लागते, आणि मध्यावरील गोंगाटाची तशी घट होत नसल्याने तो फोफावतो. १९९२ मध्ये मोलेनॉर, गॉर्डन व इव्हँजेलिडीस यांनी यावर तोड सुचविली: पुढच्या प्रत्येक गाळणीचा मध्य किंचित सरकवावा. सॉलिटॉन आपल्या अरेखीय गुणामुळे मागोमाग सरकतो; गोंगाट मागे राहून नष्ट होतो. १९९३ मध्ये या रीतीने प्रयोगशाळेत २०,००० किलोमीटरांहून अधिक अंतर निर्दोषपणे गाठले गेले.

पुढे अंकीय संस्करणाच्या नव्या पद्धतींनी सॉलिटॉनाची ही योजना मागे टाकली. तरीही परिभाषा ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे. येथे गाळणी ‘गाळते’ त्याहून अधिक ‘आवरते’. शब्द रूढच ठेवावा, परंतु व्याख्येत हा भेद अवश्य नोंदवावा.