स्वर, रंग आणि प्रतीक्षा : दख्खनी रागमाला व आजचे संगीतप्रेरित चित्र

संगीतावरून प्रेरणा घेऊन संमिश्र माध्यमात भव्य, रंगीत चित्रे काढण्याचा प्रघात कला महाविद्यालयांत आता रुळला आहे. 'आशा' हा अशा चित्रांचा आवडता विषय. परंतु कानाने अनुभवावयाचा स्वर डोळ्यांपुढे कसा आणावा, याचे उत्तर वीणेची आकृती आणि उगवता सूर्य रेखाटून मिळत नाही. या प्रश्नाचा सखोल विचार केलेली रागमालेची परंपरा महाराष्ट्राच्या भूमीशीही निगडित आहे. तिचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

देवगिरीच्या यादवराजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात रागांशी देवता, रस व ऋतू यांचा संबंध जोडलेला आढळतो. पुढील ग्रंथकारांनी रागांची ध्यानवर्णने श्लोकबद्ध केली आणि रागाला देह, वेष व प्रसंग लाभला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनेत रागमालेची जी चित्रे निर्माण झाली, ती बहुधा निजामशाहीच्या अहमदनगरशी (आताचे अहिल्यानगर) जोडली जातात. नेमक्या स्थळाविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. त्यांतील 'हिंदोल' हे चित्र प्रसिद्ध आहे. याच दरबारातील 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सुमारे 1565 चे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेले आहे. सुंदरीच्या स्पर्शाने वृक्ष बहरतो, हा दोहदाचा प्रसंग त्यात चितारलेला आहे. ते रागचित्र नव्हे, तरी भावना निसर्गातून प्रकट करण्याची दृष्टी दोहोंत समानच.

रागमालेचा चित्रकार स्वराचे थेट चित्रण करीत नाही. स्वरामुळे जागणारी मनःस्थिती तो रंगवितो. तोडीची नायिका वनात वीणा घेऊन उभी असते, हरिणे तिच्याकडे ओढली जातात. प्रियकर मात्र चित्रात नसतो. या रिकाम्या जागेवरच सारे चित्र उभे आहे. आशा येथे प्रतीकाने सांगितलेली नाही, ती प्रतीक्षेच्या रूपाने आहे. मेघरागाच्या चित्रातील काळे आकाशही पाऊस येण्याचे आश्वासनच असते. अपारदर्शक जलरंग, सोन्याचा वापर आणि अनेकदा माथ्यावर लिहिलेला श्लोक यांमुळे ही लहानशी चित्रेही एका अर्थाने संमिश्रच ठरतात.

विसाव्या शतकात पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी राग-रागिणी वर्गीकरण बाजूला सारून दहा थाटांची व्यवस्था मांडली. संगीताच्या अध्यापनास तिचा मोठा लाभ झाला. चित्रकार व रसिक यांच्यातील सामायिक संकेत मात्र त्याआधीच क्षीण होत चालला होता, तो आता शास्त्राच्या आधारालाही मुकला. युरोपात कांडिन्स्कीने 1911 मध्ये म्युनिक येथे शोनबर्गचे संगीत ऐकून चित्र रंगविले, तेव्हा त्याच्यापाशीही असा संकेत नव्हता. पिवळ्या रंगाच्या विस्तारावर आणि काळ्या आकारावर त्याला विसंबावे लागले.

आजच्या विद्यार्थ्याची स्थिती त्याच्याजवळची आहे. कापड, वाळू, वृत्तपत्राचे तुकडे, जाड रंगथर ही सामग्री त्याच्या हाती विपुल आहे. कोणता राग, कोणता प्रहर, विलंबित की द्रुत, हा निर्णय मात्र पुष्कळदा झालेलाच नसतो. कृतीचे मूल्यमापन करताना परीक्षकांनी माध्यमकौशल्याच्या आधी याचीच विचारणा केली, तर पुष्कळ चित्रांतील सूर्य आपोआप गळून पडेल.