गाठीचे नाव कसे ठरते?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर स्वादुपिंड आडवे पसरलेले असते. अन्न पचविणारा रस आणि रक्तातील साखर नियंत्रित करणारे इन्सुलिन ही दोन्ही त्याचीच निर्मिती. लहान मुलांच्या स्वादुपिंडात अर्बुद, म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीने होणारी गाठ, फार क्वचित आढळते. अवयव खोल दडलेला असल्यामुळे गाठ पुष्कळ वाढेपर्यंत तिचा पत्ताही लागत नाही.

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन यांवरून गाठ कोठे आहे व केवढी आहे हे कळते. ती कोणत्या जातीची याचा निर्णय मात्र तिच्या पेशीच देतात. त्यासाठी गाठीचा लहानसा तुकडा, किंवा शस्त्रक्रियेने काढलेली सबंध गाठ, फॉर्मॅलिनमध्ये टिकवितात. मग तिचे भाग मेणात बसवून त्यांचे अत्यंत पातळ काप घेतात. एका मिलिमीटरचे हजार भाग कल्पिले, तर त्यांतील चार-पाच भागांइतकीच त्यांची जाडी! काप जवळजवळ रंगहीन असतात. म्हणून मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रे निळी-जांभळी करतात आणि इओसिनने उरलेला भाग गुलाबी. नंतर काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

व्हर्जिनिया फ्रान्ट्झ या अमेरिकन विदुषीने १९५९ साली वर्णिलेली गाठ बहुधा किशोरवयीन मुलींत व तरुणींत आढळते. तिच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांभोवती टिकून राहतात, दूरच्या गळून पडतात. त्यामुळे बोटांसारख्या आकृती दिसू लागतात. १९७७ साली पॅन्क्रिएटोब्लास्टोमा हे नाव मिळालेली गाठ मात्र बहुधा दहा वर्षांखालील बालकांत होते. तिच्यातील पाचक रसाच्या पेशींच्या दाटीत चपट्या पेशींची लहान लहान बेटे असतात. ही बेटे म्हणजेच तिची ओळखखूण. तरीही संशय उरला, तर ट्रिप्सिन या पाचक द्रव्यालाच चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. दुसऱ्या गाठीत रंग उमटतो, पहिलीत उमटत नाही.

हा भेद केवळ नावापुरता नव्हे. पहिली गाठ समूळ काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात. दुसरी अधिक घातक. तिला शस्त्रक्रियेच्या जोडीला बहुधा तीव्र औषधांचीही गरज पडते. निदान चुकले, तर एका बालकास नको ते उग्र औषध मिळेल आणि दुसऱ्यास हवे ते मिळणार नाही. पेशी पारखणाऱ्या वैद्याची व त्या बालकाची बहुधा गाठही पडत नाही. पण पुढील उपचारांची दिशा ठरते ती त्याच्याच निर्णयावरून.