सिग्नल मिळाला, पण किती वेळ?

ग्रोथ फॅक्टरचं सिग्नलिंग शिकताना आपण बाणांची साखळी पाठ करतो: रिसेप्टर, रास, राफ, मेक, ईआरके आणि शेवटी केंद्रक. परीक्षेला एवढं पुरतं. संशोधनाला पुरत नाही, कारण या बाणांत वेळ कुठेच दिसत नाही.

आधी साखळी थोडक्यात बघू. ईजीएफ हे ५३ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ते पेशीबाहेर रिसेप्टरला चिकटलं की रिसेप्टरचा आकार बदलतो आणि दोन रिसेप्टरची जोडी जमते. मग पेशीच्या आत त्यांच्या शेपटीवरच्या टायरोसिनना फॉस्फेट लागतात. तिथे ग्रब२ बसतं, ते सॉसला सोबत आणतं आणि सॉस रासला चालू करतं. पुढे राफ, मेक, ईआरके. ईआरके केंद्रकात जातं आणि कोणती जनुकं चालतील ते बदलतं.

आता गंमत बघा. पीसी१२ ही रॅटच्या अॅड्रिनल ग्रंथीतल्या ट्यूमरपासून मिळवलेली पेशीरेषा. तिला ईजीएफ दिलं तर पेशी विभाजित होतात. एनजीएफ दिलं तर विभाजन थांबतं आणि चेतापेशींसारखे तंतू फुटतात. दोन्ही वेळा ईआरकेच चालू होतं! पण ईजीएफनंतर ते लवकर ओसरतं, एनजीएफनंतर तासन् तास टिकतं.

हा निव्वळ योगायोग तर नाही ना? १९९४ साली याचं उत्तर मिळालं. पीसी१२ मध्ये ईजीएफ रिसेप्टरची संख्या खूप वाढवली, तेव्हा ईजीएफ दिल्यावरही ईआरके टिकून राहिलं आणि पेशींना तंतू फुटले. फॅक्टर तोच, निकाल उलटा.

म्हणूनच सिग्नल बंद करणारी यंत्रणाही तितकीच महत्त्वाची. सीबीएल हे प्रथिन रिसेप्टरवर युबिक्विटिनची खूण लावतं, पेशी त्याला आत ओढते आणि लायसोसोममध्ये त्याची विल्हेवाट लागते. याउलट फुप्फुसाच्या काही कर्करोगांत एल८५८आर या बदलामुळे रिसेप्टर ईजीएफ नसतानाही चालू राहतो.

तुमच्या प्रयोगासाठी याचा अर्थ काय? फक्त पाचव्या मिनिटाचा वेस्टर्न ब्लॉट केलात, तर ईजीएफ आणि एनजीएफ सारखेच वाटू शकतात. म्हणून ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं आणि पुढचे काही तास असे नमुने घ्या. आधी पेशी सीरमशिवाय ठेवा, नाहीतर सीरममधलेच ग्रोथ फॅक्टर शून्य मिनिटालाही पट्टी दाखवतील. फॉस्फो-ईआरकेसोबत एकूण ईआरकेही मोजा. मगच ‘सिग्नल वाढला’ असं लिहा.